जुन्या मोटारींचे ‘मूळ स्वरूप’ ठरवायचे कशावरून?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हीए’ मालिकेत स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि चॅसी (गाडीचा मूळ सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. हेतू चांगला आहे, परंतु जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही अट जशीच्या तशी लावल्यास प्रामाणिक मालकावर अन्याय होईल आणि बनावट गाडी सहज सुटेल, अशी भीती वाटते.

१९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपचेच पाहा. तिचा चॅसी क्रमांक पुढच्या, नळ्यांनी बनलेल्या सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि हा सांगाडा बॉडीला केवळ बोल्टने जोडलेला असतो. गंजामुळे किंवा अपघातामुळे तो बदलावा लागला, तर क्रमांक जुन्या सांगाड्याबरोबरच निघून जातो. इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे क्रमांक वेगळे असतात. कारखान्याच्या दप्तरावरून मिळणाऱ्या हेरिटेज प्रमाणपत्रात हे सगळे क्रमांक, मूळ रंग आणि गाडी बाहेर पडल्याची तारीख मिळते. मात्र ते प्रमाणपत्र त्या काळच्या नोंदीची ग्वाही देते. आज समोर उभी असलेली गाडी तीच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी आकड्यांची ठेवण, ठशाची खोली आणि भोवतालच्या धातूवर घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा जाणकाराने भिंग घेऊन पाहाव्या लागतात. चॅसी क्रमांक कोरलेली धातूची पट्टी तर बाजारात नवी कोरी मिळते, त्यामुळे एकट्या पट्टीवर विसंबू नये. पोर्शच्या १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ सारख्या मोजक्याच बनलेल्या गाडीच्या नकला त्याच कंपनीच्या साध्या ९११ मॉडेलपासून तयार झाल्या आहेत, त्या याच पट्टीच्या आणि चकाकत्या रंगाच्या भरवशावर.

१९२९ आणि १९३० ची फ्रान्समधील ल माँ ही चोवीस तासांची मोटार शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ बेंटली खरी की खोटी, हा वाद १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात गेला होता. शर्यत जिंकली तेव्हाचे फारच थोडे भाग तिच्यात उरले होते. तरीही तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही, बदल एकाच गाडीत क्रमाक्रमाने होत गेले, हे पाहून न्यायालयाने ती अस्सल मानली. मला हा विचार आपल्याकडेही स्वीकारार्ह वाटतो.

म्हणून राज्याच्या तपासणी समितीने प्रत्येक ठशाचे छायाचित्र, कारखान्याची नोंद आणि बदललेल्या भागांची तारखेसह यादी दप्तरी ठेवावी, तसेच अशा गाड्या हाताळलेला एखादा अनुभवी मेकॅनिक तपासणीच्या वेळी सोबत घ्यावा. उघडपणे नोंदवलेल्या दुरुस्तीसाठी अर्ज फेटाळला जाऊ नये. खाडाखोड केलेल्या क्रमांकासाठी मात्र तो अवश्य फेटाळला जावा.

आपला,
एक वाचक, पुणे