उजनीत पोरांसाठी होड्या आणाल तेव्हा शीड कुठून येणार ते आधी ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

उजनीवर बोटिंग, जलपर्यटन, वॉटर स्पोर्ट्स असल्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, मी सगळ्या वाचतो. मी सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमागवाला, पाण्याशी माझा तसा काही संबंध नाही, पण माझी अक्का सिकंदराबादला दिलेली आहे आणि तिची पोरगी हुसेनसागरवर शिडाच्या होड्यांची रेस खेळते, त्यामुळं गेली पाच-सहा वर्षं या खेळाचा खर्च मी जवळून बघतोय. म्हणून हे पत्र. उद्या भीमेच्या पाण्यावर आपल्या जिल्ह्यातली पोरं शिडाच्या होडीत बसावीत असं मला मनापासून वाटतं, फक्त होड्या विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट बोलायला पाहिजे आणि ती कुणी बोलत नाही.

या रेसमध्ये वन डिझाईन म्हणून एक प्रकार असतो. म्हणजे सगळ्यांची होडी सारखी, डोलकाठी सारखी, शीड सारखं. ज्याच्या बापाकडं पैसा जास्त त्याची होडी पळणार असं होऊ नये, वारा ज्याला कळतो तो जिंकावा, हा त्यामागचा विचार आणि विचार एकदम रास्त आहे. त्यातली सगळ्यात गाजलेली होडी म्हणजे लेझर, आता तिला इल्का म्हणतात. ब्रूस कर्बी नावाच्या कॅनेडियन माणसानं ती काढली, 1971 पासून बाजारात आहे, 1996 च्या अटलांटापासून ऑलिम्पिकमध्ये आहे. सव्वाचार मीटर लांब, एकटा माणूस चालवतो. आणि एक चांगली सोय अशी की होडीचं धूड एकच राहतं, पोरगं वाढलं की फक्त डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदलायचं, इल्का 4 वरून 6, 6 वरून 7. 2023 ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये नेहा ठाकूरनं याच इल्का 4 मध्ये सिल्व्हर आणलं, देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची पोरगी, भोपाळच्या तलावावर शिकलेली, आणि विष्णू सरवननला इल्का 7 मध्ये ब्राँझ मिळालं. म्हणजे समुद्र पाहिजेच असं काही नाही, तलावावर पण पोरं तयार होतात.

पण सगळं सारखं ठेवायचं म्हटलं की सारखं कोण बनवणार हा प्रश्न येतो, आणि खरी मेख तिथंच आहे. इल्कामध्ये नियम असा की होडी, शीड, डोलकाठी, सगळं लायसन्स असलेल्या बिल्डरकडनंच, म्हणजे होडी बनवणाऱ्याकडनंच घ्यायचं, ओरिजिनल मालाची खूण म्हणून होडीवर प्लेट असते, शिडाच्या कोपऱ्यात बटण असतं, ते नसलं की मोठ्या रेसला चालत नाही. दुसऱ्यानं तंतोतंत तसंच शिवून दिलं तरी नाही.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. ती ऑप्टिमिस्ट या लहान पोरांच्या होडीतनं इल्का 4 मध्ये आली तेव्हा शीड जुनं होतं, दुसऱ्या पोराचं वापरलेलं. दाजींनी सरावासाठी म्हणून बिनबटणाचं एक शीड घेतलं, ओरिजिनलच्या निम्म्याहून कमी पैशात मिळालं, तिचा हात त्याच्यावर चांगला बसला. मग एका मोठ्या रेसला गेली तर तपासणीच्या टेबलावरच सांगितलं हे चालणार नाही. त्यांची काही चूक नव्हती, नियम तोच आहे. मग जुनं शीड चढवलं आणि दोन दिवस मागच्या घोळक्यात राहिली. घरी आल्यावर मला फोनवर म्हणाली, मामा, होडी वाऱ्याकडं चढतच नव्हती. तेवढंच बोलली, म्हणजे वारा येतो त्या दिशेला होडी पुढं सरकत नव्हती. तेव्हा ओरिजिनल शिडाची किंमत विचारली तर आमच्या मागावरच्या माणसाची तीन-चार महिन्यांची मजुरी होते, वर बाहेरून मागवायचं म्हणजे कस्टम, भाडं आणि वाट बघणं आलंच.

ते जुनं शीड मी हैदराबादला गेलो तेव्हा हातात घेऊन बघितलं. आमचा जन्म कापडात गेला त्यामुळं हात आपोआप जातो. पॉलिस्टरचं कापड, ताणा-बाणा एकदम घट्ट ठोकलेला, आणि वरनं रेझीन चढवलेलं, आपण सुताला खळ लावतो तसं समजा, फक्त ही खळ धुऊन जाऊ नये अशी. उभं ओढलं तर हलत नाही, आडवं ओढलं तरी नाही, पण तिरकं ओढलं की लगेच ताणतं. नवीन असताना रेझीन ते तिरकं ताणणं रोखून धरतं. फडफडून, घड्या पडून, उन्हात राहून ते रेझीन तुटतं, कापड मऊ पडतं, मग वारा भरला की शिडाचं पोट मागं सरकतं आणि होडी आडवी घसरते. भाचीला होडी चढत नव्हती ती याच्यामुळं. शिडाला एक लांब खिसा असतो, तो उशीच्या अभ्र्यासारखा डोलकाठीवर चढवायचा, त्या खिशाची शिवण पण उसवायला आली होती. बघितल्यावर पहिला विचार हाच आला की हे शिवणं आपल्या सोलापुरात काही अवघड नाही, हे खास कापड विणायला वेळ लागेल पण ते आणून शिवायला काय लागतं. आणि मोठ्या स्पर्धा खेळणारे तर म्हणे जवळजवळ प्रत्येक मोठ्या रेसला नवीन शीड काढायचे, कारण दोन रेसमध्येच त्याचा जीव जायचा! म्हणजे सगळ्यांना सारखं म्हणून जे ठेवलं तिथंच पैसेवाला पुढं गेला. पुढं या होडीच्या आंतरराष्ट्रीय असोसिएशननं मोठ्या रिगसाठी, म्हणजे आताच्या इल्का 7 च्या काठी-शिडासाठी, जाड कापडाचं जास्त टिकणारं शीड आणलं, अल्युमिनियमची वरची काठी वाकून कायमची वाकडीच राहायची म्हणून कंपोझिटची काठी आणली, ते चांगलं केलं, पण तोपर्यंत लोकांनी बरीच वर्षं सोसलं.

एकाच पुरवठादाराच्या हातात सगळं गेलं की काय होतं तेही याच होडीनं दाखवलंय. 2019 मध्ये असोसिएशनचं आणि एका मोठ्या बिल्डरचं बिनसलं, लायसन्स काढलं, पण लेझर हे नाव बऱ्याच देशांत त्याच कंपनीच्या मालकीचं, म्हणून पन्नास वर्षं जगभर माहीत असलेल्या होडीला नाव बदलून इल्का व्हावं लागलं. त्याच्या आधी खुद्द कर्बी आपल्या हक्काच्या पैशासाठी कोर्टात गेलेला. 2019 मध्येच ऑलिम्पिकसाठी दुसरी होडी घ्यायची का म्हणून चाचण्या झाल्या, तज्ज्ञांनी आरएस एअरो नावाची होडी सुचवली, पण मतदानात जुनीच राहिली, मात्र वर्ल्ड सेलिंग या खेळाच्या जागतिक संघटनेनं अट घातली की योग्य आणि सारख्या अटींवर नवीन बिल्डरांना पण लायसन्स मिळालं पाहिजे, कुणाला अडवायचं नाही. त्याच्यानंतर बिल्डर वाढले. मला हे बरोबर वाटतं. आपल्या सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव गावाच्या मालाला आहे, एका कारखानदाराच्या खिशात नाही, कितीतरी जण विणतात आणि चादर चादरच राहते.

उलट शीड मोकळं सोडलं तर काय, हे ऑप्टिमिस्टमध्ये बघायला मिळतं. ती लहान पोरांची चौकोनी होडी, 2.3 मीटरची, 1947 ला अमेरिकेत क्लार्क मिल्सनं प्लायवूडची म्हणून काढलेली, पंधरा वर्षांपर्यंतची पोरं खेळतात. ती बरेच बिल्डर बनवतात, आणि शीड तर कुठल्याही शीड शिवणाऱ्याचं चालतं, नियमाच्या मापात पाहिजे. तिथं पण आई-बाप महागातलं शीड शोधत फिरतात, ते आहेच. पण गरीब पोराला स्वस्तातलं शीड लावून रेसला उभं तरी राहता येतं, टेबलावरनं परत पाठवत नाहीत. सुरुवातीच्या पोरांसाठी मला हा रस्ता जास्त बरा वाटतो.

म्हणून उजनीसाठी माझं म्हणणं असं आहे. टेंडर काढताना नुसत्या होड्यांचा आकडा टाकू नका, पाच वर्षांची शिडं, काठ्या, सुकाणू, दोऱ्या, सगळे स्पेअर धरून हिशोब करा, आणि एकाच कंपनीचं नाव लिहून अडकू नका. आधी ऑप्टिमिस्ट घ्या. इल्का घेतल्या तर होड्या क्लबच्या ठेवा आणि चिठ्ठी टाकून वाटा, ऑलिम्पिकला पण या क्लासमध्ये होड्या आयोजकच देतात, खेळाडू आपली घेऊन येत नाही. बटणाची शिडं चार-पाच जपून कपाटात ठेवायची, मोठ्या रेसला जाणाऱ्या पोरांपुरती, आणि रोजचा सराव, शाळा-शाळांच्या रेस बिनबटणाच्या शिडावर घ्यायच्या, असा नियम आपल्यापुरता आपणच पहिल्या दिवशी लिहून ठेवायचा म्हणजे नंतर कुठल्या पोराला टेबलावरनं परत जावं लागणार नाही. आणि ती सरावाची शिडं सोलापुरात शिवून घ्या. कापड बाहेरनं आणावं लागेल, पण शिवणकाम करणाऱ्या बायका आपल्याकडं घरोघरी आहेत, झिगझॅग मशीन आहे, आणि फाटलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होईल. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये जाते आणि काठ लांब पळतो, त्या महिन्यांत हीच दुरुस्ती करून घेता येते.

भाचीचं ते मऊ पडलेलं शीड अक्कानं मला दिलंय, आमच्या कारखान्यात माळ्यावर गुंडाळून ठेवलंय, गुंडाळून, घडी घालून नाही. त्याच्यावरनं कागदी फर्मा काढायला घेतलाय. जिल्हा क्रीडा खात्यानं या विषयावर कधी बैठक बोलावली तर शीड आणि फर्मा दोन्ही घेऊन मी येईन, टेबलावर पसरून बघू.

– एक यंत्रमागधारक, पूर्व भाग, सोलापूर