तोंड येणे, उष्णता आणि घराणे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की ‘तोंड आलंय, उष्णता वाढली’ म्हणत ठाण्यापासून पनवेलपर्यंत बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या खपू लागतात. घरी जाईचा पाला, ज्येष्ठमध, तूप सुरू होते. तुपाने चुरचुर कमी होते, त्याला हरकत नाही. पण वर्षातून चार-पाच वेळा, तेही आधी आईला, मामाला आणि आता मुलीलाही तोंड येत असेल, तर उष्णतेला बोल लावून भागत नाही.

वारंवार तोंड येणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के जणांच्या घरात हा त्रास आणखी कुणाला तरी असतो. आई आणि वडील दोघांनाही असेल, तर मुलांना तो होण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपास नोंदली गेली आहे. दोघांनाही नसेल तर 20 टक्के. अशा घरांतल्या मुलांना तोंड लवकर येऊ लागते आणि त्रासही जास्त होतो. यामागे एकच एक जनुक नाही. दाह भडकवणाऱ्या आणि आवरणाऱ्या प्रथिनांच्या अनेक जनुकांतले बारीक फरक एकत्र येतात. वारशाने मिळते ती चटकन बिथरणारी प्रतिकारशक्ती. मग गाल चावला जाणे, जागरण, परीक्षेचा ताण, काहीही निमित्त पुरते.

म्हणूनच जनुकचाचणीवर पैसे घालवू नयेत. एचएलए-बी51 हा जनुकप्रकार बेहचेट या रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजाराशी जोडलेला आहे खरा, पण तो अंगात असलेले बहुतेक लोक ठणठणीत असतात. तोंडाबरोबर जननेंद्रियावर व्रण, डोळे लाल होऊन दुखणे किंवा पायांवर दुखऱ्या गाठी असतील, तर मात्र संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

शिवाय घराण्यात चालते ते सगळे रक्तातूनच येते असे नाही. एका घराचे ताट एक, टूथपेस्टही एक! शाकाहारी घरात सगळ्यांचेच बी12 कमी निघू शकते. फेसासाठी घातलेले सोडियम लॉरिल सल्फेट काहींना बाधते. ते नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून पाहावी. हिमोग्राम, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि फोलेट या तपासण्या गोळ्या सुरू करण्याआधी कराव्यात. आठवडाभर कॅप्सूल खाऊन मग रक्त दिले की बी12 चा आकडा फसवा येतो. वारंवार जुलाब आणि वजन घटणे सोबत असेल तर सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची, तपासणीही हवी, तोही आनुवंशिकच.

दंतवैद्यांनी ट्रायमसिनोलोन या दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडची 0.1 टक्क्याची पेस्ट लिहून दिली, तरी अनेक जण ती हिरडीला मशेरी लावावी तशी चोळतात. चोळली की तिचे कण होतात आणि थर बसत नाही. जागा कापसाने टिपून कोरडी करावी, चिमूटभर पेस्ट नुसती टेकवावी, जेवणानंतर आणि झोपताना. पुढे अर्धा तास पाणीही नको. चुरचुर सुरू होताच लावली तर उपयोग. खड्डा पडून चार दिवस झाल्यावर फारसा नाही. टाळूच्या कडक भागावर किंवा हिरडीवर बारीक फोडांचा झुबका असेल तर तो बहुधा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा. तिथे ही पेस्ट लावू नये. तो संसर्गजन्य असतो, नेहमीचे तोंड येणे नाही. त्यामुळे नेहमीच्या तोंड येण्यासाठी मुलाचे ताट वेगळे करण्याची गरज नाही.

साधा व्रण 10 मिलिमीटरहून लहान असतो आणि 7 ते 14 दिवसांत भरतो. तीन आठवड्यांनंतरही न भरलेला, कडा टणक झालेला व्रण, त्यातून माणूस मावा-गुटखा खाणारा, तर ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून थांबू नये. तोंड पूर्वी कधी न येता चाळिशीनंतर अचानक येऊ लागले, तरी तेच. नेरुळ, खारघर, कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत. तिथे मुखरोग विभागाचा केसपेपर काढावा.

आपला,
एक मुखरोगतज्ज्ञ, नवी मुंबई