आधी काय, मग काय

पुणे, ४ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई फोनवर म्हणाली की कामं इतकी साठलीत, कुठून हात घालावा तेच सुचत नाही. बाबा, तुम्ही रात्री उठून फायली काढून बसता, हेही तिच्याकडूनच कळलं. आजी गेल्यापासून तुमच्यावर एकदम सगळं आलंय. फोनवर अर्धं बोलणं राहूनच जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

डोक्यात जे जे आहे ते सगळं आधी एका कागदावर उतरवा. क्रम लावू नका, नुसतं लिहा. मग एकेका कामासमोर एवढंच विचारा: हे नाही केलं तर काय बिघडेल, आणि कधी? कोण मागे लागलंय, कोणाचा फोन आला, याचा त्यात काही संबंध नाही.

गच्चीचंच घ्या. कारागीर रोज विचारतो म्हणून ते काम तुम्हाला सगळ्यात मोठं वाटतंय. गच्ची गळते हे खरं, पण पाऊस आता जूनमध्ये. मार्चमध्ये करून घेऊ, त्याला तसं सांगून टाका. माळा आणि आजीची ट्रंक यांना तर तारीखच नाही. आई, ती ट्रंक एकटीने उघडू नकोस. मी आले की आपण दोघी मिळून बघू.

हयातीच्या दाखल्याला मात्र तारीख आहे, ३० नोव्हेंबर. बँकेत कोषागाराची यादी आलेली असते, तिच्यात आपल्या नावासमोर सही करायची, इतकंच काम. पहिल्या आठवड्यात सगळे पेन्शनर एकदमच येतात, तेव्हा त्या रांगेत उभे राहू नका, पुढच्या आठवड्यात जा. समजा राहिलंच, तरी पेन्शन बुडत नाही. थांबतं, आणि दाखला दिला की थकबाकीसकट मिळतं. त्यासाठी झोप घालवू नका.

आजीच्या जमिनीवर वारसांची नावं लावायची, त्या वारस नोंदीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुमची खरी दमछाक तिथे होतेय. बाबा, तुम्ही दोन वेगळी कामं एकात बांधलीत. सगळ्या आत्यांना एकत्र आणून सह्या घ्यायच्या, हे हक्कसोडपत्रासाठी, म्हणजे त्यांनी आपला वाटा सोडल्याच्या कागदासाठी. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि ते करायचं की नाही हे आत्यांनी त्यांच्या सवडीने ठरवायचं. वारस नोंदीला त्यांच्या सह्यांची वाट बघायला नको. आजीच्या मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं तुमचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज, एवढं तलाठ्याकडे द्यायचं. आत्यांची नावं त्यात येतातच, आणि ती आलीच पाहिजेत. वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असा नियम आहे, म्हणून हे या महिन्यातच करून टाकू. पुढे नोटिशीचे पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावांचा बदल, प्रमाणित करतात. तो काळ आपल्या हातात नाही, त्याचा घोर लावून घेऊ नका. सरकारच्या ‘ई-हक्क’ या वेबसाइटवरून अर्ज घरबसल्याही भरता येतो, तो मी इथून भरते. मला फक्त मृत्यूच्या दाखल्याचा आणि सातबाऱ्याचा नीट फोटो पाठवा.

आणि आई, तुझा डोळा. या कामासाठी कोणी तुझ्या दारात येऊन उभं राहत नाही, म्हणून दरवेळी तेच मागे पडतं. मामाकडच्या लग्नानंतर मोतीबिंदूचं बघू म्हणतेस. चालेल, डॉक्टरांनीही घाई नाही म्हटलंय. पण तो पिकायची वाट बघायची नसते, ते जुन्या काळचं झालं. शिवाय साखर आटोक्यात असल्याशिवाय ते तारीख देणार नाहीत, आणि साखर काही चार दिवसांत खाली येत नाही. लग्नानंतर ऑपरेशन हवं असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी याच आठवड्यात व्हायला हवी. मला विचारशील तर कागदावर पहिलं नाव याचं लिही. जमीन कुठे जात नाही, पण संध्याकाळी तुला जिन्याची पायरी दिसत नाही याची मला फार काळजी वाटते.

एका दिवशी बाहेरचं एकच काम ठेवा, तेही सकाळी. बँक आणि तलाठी एकाच दिवशी उरकायला जाऊ नका. बाबांचे गुडघे दुखतात आणि मग दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. झालेल्या कामावर आईने कालनिर्णयच्या त्या चौकोनात खूण करावी, म्हणजे दूध, पेपर आणि ही कामं एकाच ठिकाणी दिसतील.

लाइट बिल, गॅसचा नंबर आणि बँकेचं केवायसी या तिन्ही गोष्टी आजपासून दादाकडे. त्याच्याशी बोलले आहे, तो आनंदाने करतोय. कोणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका, त्याला कळवा.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते. आई, शुक्रवारी रात्री दहानंतर काही खाऊ नकोस. उपाशीपोटीची साखरही करून घेऊ, लॅबमध्ये मी बरोबर असेन.

तुमची,
मनू