मोज्यांचं पाणी

सातारा

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

परवा तू व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलास आणि विचारलंस, ही जुडी कशाची, बाजारात बाई फुकटात देते का? फुकट नाही रे. स्टुटगार्टला आम्ही आलो होतो तेव्हा मीच ती दोनदा विकत आणली होती. झुपेनग्र्यून. गाजर, लीक (पातीच्या कांद्याचा जाडजूड भाऊ), सेलेरीचा गड्डा आणि पार्सलीच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. आपल्या मंडईत मिरची-कोथिंबीर-कढीपत्ता एकत्र बांधून देतात, तसंच. जर्मन माणसाला ती दिसली की सूप आठवतं. तुला मी आठवलो, हे बरं झालं.

आता जुडीऐवजी तू सूपच्या ज्या तयार वड्या (स्टॉक क्यूब) वापरतोस त्यांच्याबद्दल. वापर, माझी ना नाही. फक्त पाकिटावरची यादी एकदा वाच. तिथे जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि बहुतेक वड्यांत पहिलं नाव मिठाचं असतं. मग तू आमटीत वर आणखी मीठ घालतोस आणि फोनवर म्हणतोस, बाबा, खारट झाली.

अशा जुडीतल्या भाज्या उकळून गाळलेलं पाणी, म्हणजे स्टॉक, करायला मी कसा शिकलो ते तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा तिकडे परीक्षेत होतास आणि आम्ही तुला काही सांगितलं नव्हतं. तुझ्या आईचं ऑपरेशन झालं. पातळ पदार्थच द्या आणि मीठ कमी, असं डॉक्टर म्हणाले. मला तोवर चहा आणि मॅगी एवढंच यायचं. म्हटलं, भाज्या उकळायच्या, त्यात काय आहे! फ्लॉवरचे देठ, कोबीची बाहेरची पानं, बटाट्याची सालं, घरात होतं ते सगळं मोठ्या पातेल्यात टाकलं आणि दोन तास उकळलं. जास्त उकळलं की जास्त कस उतरेल, असा माझा हिशोब. आईने एक चमचा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मोजे उकळलेत का?"

फ्लॉवर-कोबीत गंधक असतं. जितकं शिजवाल तितका तो वास सुटतो. बटाट्याच्या पिठाने पाणी गढूळ होतं. आणि दोन तास हे तर मटणाचं गणित. हाडांतून कस यायला वेळ लागतो, भाजी पाऊण तासात देते तेवढं देते. पुढे नुसती चव मरते.

तर तू असं कर. एका जुडीला दोन लिटर पाणी. कांदा सालासकट चिरायचा, रंग सालामुळेच येतो (फक्त आधी धुऊन घे). कांदा, गाजर आणि सेलेरी थोड्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत परत. ही पायरी चुकवलीस तर पाणी पचपचीत लागेल, मग मला फोन करू नकोस. नंतर लीक, पार्सलीच्या काड्या, एक टोमॅटो, मिळाले तर दोन-तीन सुके मशरूम, आठ-दहा मिरे. पाणी गारच घाल. उकळी फुटली की गॅस बारीक. वर एखाद-दुसरा बुडबुडा यावा, खदखदू देऊ नकोस. पाऊण तासाने गाळ. चोथा पिळायचा मोह होतो, तो आवर, नाहीतर गढूळ होईल. मिऱ्यांसोबत तमालपत्र घालशील तर लक्षात ठेव, तिथलं वेगळ्या झाडाचं असतं, आपल्या मसाल्यातलं नव्हे. एकच पान पुरे.

मीठ घालायचंच नाही. हे पाणी पुढे खिचडीत, भातात, आमटीत जाणार, तिथे आटणार. मीठ तिथेच. होळीला आजी पुरणाची डाळ शिजली की तिचा कट आधी अळणीच काढून ठेवायची आणि येळवणीला फोडणी दिल्यावर मग मीठ बघायची. तेव्हा मला वाटायचं, विसरते की काय.

फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. उरलेलं फ्रीझरमध्ये टाक, पण काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरू नकोस, गोठताना फुगतं. आमची एक लोणच्याची बरणी अशीच गेली. आईला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र ती वाचणार हे आत्ता लक्षात आलं.

ती आता बरी आहे. रविवारी मुगाच्या खिचडीत मी हेच पाणी घातलं. दोनदा वाढून घेतलं तिने, बोलली काही नाही.

तुझा,
बाबा

ता. क. लीक उभी चिरून पापुद्रे सुटे करून धू. आत वाळू असते. पहिल्या वेळी आम्ही दोघांनी ती कचकच चावत सूप संपवलं होतं, तू ऑफिसात होतास.