शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळमाकुडी आणि तुझी खिडकी

प्रिय बंड्या,

तुझ्या खिडकीत लावायला शिंदळमाकुडीच्या, म्हणजे आपल्या डोंगरकड्यांवरच्या त्या दुर्मिळ झाडाच्या, फांद्या काढून ठेवल्यात, सोमवारी कुरियरला टाकतो. त्या पोचायच्या आधी हे सगळं तुझ्यापर्यंत पोचायला पाहिजे म्हणून आज निवांत बसून मेल लिहितोय. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यात सांगायला गेलं की नेमकी पाण्याची गोष्ट राहून जाते आणि या झाडाचं सगळं गणित पाण्यावरच आहे.

पाकीट उघडशील तेव्हा करंगळीएवढ्या जाड, राखाडी हिरव्या, एकही पान नसलेल्या, जरा सुरकुतलेल्या कांड्या निघतील. वहिनींना आधीच सांगून ठेव, नाहीतर वाळकी काटकी म्हणून कचऱ्यात जातील. मे महिन्यात ती अशीच असते. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागतात, उन्हाळ्यापर्यंत सगळी गळून जातात आणि मग कांडीत साठवलेल्या पाण्यावर ती पहिल्या पावसापर्यंत काढते. सुरकुत्या म्हणजे तिच्याकडची शिल्लक कमी झालीय एवढंच. कांडी दाबून बघ, टणक लागली की जिवंत आहे, मऊ आणि काळपट लागली तर मात्र लगेच मला फोन कर.

ऑक्टोबरमध्ये मी पाठवलेला तो फोटो बघून तू विचारलं होतंस ना की हे खरं फूल आहे का एडिट केलंय. अगदी खरं आहे. पाच टोकांची चांदणी, गडद लालसर मरून रंग, त्यावर पिवळे ठिपके, कडेला बारीक केस, आणि सगळं मिळून जेमतेम दोन अडीच सेंटिमीटर. पानाच्या शेजारी कांडीला चिकटूनच येतं, त्यामुळे कुणीतरी मखमलीचा बिल्ला शिवून ठेवलाय असं दिसतं. मोबाईलवर झूम करून बघ, खरी गंमत मधल्या भागात आहे. ही रुईच्या कुळातली, त्यामुळे परागकण धुळीसारखे उडत नाहीत, मेणासारख्या छोट्या पिशव्यांत बांधलेले असतात. माशी फुलावर उतरते, मधासाठी सोंड घालते, आणि त्या पिशव्यांची चिमटी तिच्या सोंडेच्या नाहीतर पायाच्या केसाला अडकते, मग तीच माशी दुसऱ्या फुलावर गेल्यावर ती पिशवी तिथल्या बारीकशा खाचेत बरोबर सरकून बसली तरच बी धरणार, नाहीतर सगळं फुकट. म्हणून फुलं भरपूर आणि शेंगा अगदी क्वचित. शेंग धरलीच तर टोकदार, जोडीनं येते, पिकायला बरेच महिने घेते आणि उकलली की रुईसारख्याच रेशमी शेपटाच्या बिया उडतात. तेव्हा फुलावर माशी बसली म्हणून हाकलू नकोस आणि त्या दिवसांत तिथे कसला स्प्रेही मारू नकोस. मला तर त्या माशीचं फार अप्रूप वाटतं, तिच्याशिवाय या झाडाची पुढची पिढीच नाही.

आता ही मूळची कुठली ते सांगतो कारण सांभाळायचं कसं ते त्यातच आहे. ही फक्त आपल्या महाराष्ट्रातली रे, जगात दुसरीकडे कुठेच जंगली सापडत नाही. शिवनेरी, पुरंदर वज्रगडाकडचे कडे, भंडारदऱ्याजवळ रंधा धबधब्याचा भाग, महाबळेश्वरकडचे डोंगर, अशी मोजकी ठिकाणं. डाल्झेल नावाच्या इंग्रज अमदानीतल्या वनस्पतीतज्ज्ञानं १८६५ मध्ये तिचं वर्णन छापलं आणि तेव्हा मुंबईचे गव्हर्नर असलेले बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं, म्हणून फ्रेरिया इंडिका. हल्ली शास्त्रज्ञ तिला बुसेरोसिया गटात धरतात, नर्सरीवाले मात्र अजून फ्रेरियाच म्हणतात, तू पण तेच म्हण. आपल्या माळावर माकडशिंग येतं बघ, चौकोनी कांड्यांचं, बिनपानाचं, लहानपणी गुराख्याची पोरं खायची, ते हिचंच भावंड. त्या सगळ्या खानदानात, आफ्रिकेपासून अरबस्तानापर्यंतचे नातेवाईक धरले तरी, अशी मोठी नीट पानं हिलाच आहेत, बाकीच्यांना नुसते काटे नाहीतर खवले. पावसात हिरवीगार पानं लावून साध्या झुडपासारखी दिसते आणि उन्हाळ्यात पानं टाकून कॅक्टससारखी होते, दोन्ही रूपं एकाच झाडाची, म्हणूनच मला ती एवढी आवडते.

शिवनेरीला ती कुठे आहे ते मी तुलाही नक्की सांगणार नाही, रागावू नकोस. सप्टेंबर ऑक्टोबरात ये, आपण दोघं जाऊ, दुर्बीण घेऊन खालून दाखवतो. काळ्या कातळाची उभी भिंत, तिच्या भेगेत मूठभर माती, तिथून फांद्या खाली लोंबतात. पाऊस पडतो तेव्हा भरपूर पाणी मिळतं पण ते क्षणभरही थांबत नाही, सगळं खाली निघून जातं. मुळांना हवा, पाणी येऊन जाणारं, आठ महिने जवळजवळ कोरडं. हे चित्र डोक्यात ठेवलंस की कुंडीचं काय करायचं ते मला विचारायला लागणार नाही.

तरी ठाण्याच्या हिशोबानं सांगतो कारण तुझी अडचण वेगळी आहे. तुमच्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, शिवनेरीच्या पायथ्याच्या जुन्नर गावात त्याच्या निम्मासुद्धा नाही. तेव्हा तुझ्या ग्रिलमध्ये उघड्यावर ठेवलीस तर जुलैच्या झडीत बुडातून सडणार हे नक्की. ग्रिलवर तो पारदर्शक पत्रा आहे ना, त्याच्या खाली टांग, सकाळचं ऊन येतं त्या बाजूला. पश्चिमेची खिडकी नको, दुपारचं ऊन कांडी लाल करतं आणि मग वाढ थांबते. अगदी सावलीत ठेवलीस तर जगेल पण फांद्या बारीक, लांबट होतील आणि फूल येणार नाही.

कुंडी मातीची घे, पसरट आणि उथळ, खाली मोठं भोक असलेली. प्लॅस्टिकची हँगिंग कुंडी सुंदर दिसते पण तुमच्या दमट हवेत ती आठवडाभर ओली राहते. भरायला निम्मा बारीक चाळलेला मुरूम, थोडे विटांचे तुकडे, थोडा लाकडी कोळसा, आणि मूठभर जुनं कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत. कोकोपीट अजिबात नको, नर्सरीवाला कितीही म्हणाला तरी नको, ते पाणी धरून बसतं. फांद्यांची कापलेली टोकं मी इथेच सावलीत सुकवून पाठवतोय, त्यामुळे आल्या आल्या लावल्यास तरी चालतील. टोक जेमतेम एक पेर आत खोच नाहीतर सरळ आडवी ठेवून दे मुरुमावर, जिथे टेकेल तिथून मुळं सुटतात. पहिले काही दिवस पाणी नाही, मग हलकं शिंपडायचं, आणि कांडीच्या डोळ्यातून हिरवा कोंब दिसला की समज लागली. रोज उपटून मुळं बघायची नाहीत, तुझा स्वभाव माहितेय म्हणून सांगतोय.

एकदा लागली की जून ते ऑक्टोबर वाढीचा काळ, वरची माती पूर्ण वाळली की पोटभर पाणी, खालून निघून जाईपर्यंत. नोव्हेंबरपासून कमी करत जायचं. पानं पिवळी पडली की लोकांना वाटतं पाणी कमी पडतंय आणि ते जास्त ओततात, इथेच बहुतेक झाडं जातात. तेव्हा हात आखडता घ्यायचा. डिसेंबर ते मे कांडी फारच आक्रसली तर कडेनं अर्धी वाटी, बस. खत वर्षातून एकदा पावसाच्या सुरुवातीला, तेही चिमूटभर, जास्त खतानं कांडी फुगते आणि लवकर सडते.

रोग म्हणशील तर मिलीबग, म्हणजे रस शोषणारी कापसासारखी पांढरी कीड, हा एकच खरा वैरी. पांढरा कापूस दिसला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानाच्या काडीनं पुसून काढ. झाड उगाच सुकत असेल आणि वर काही दिसत नसेल तर कुंडी उलटी करून मुळं बघ, तिथे पण तो लपतो. बुडाला काळं पडलं तर मोह न धरता धारदार ब्लेडनं वर वर कापत जा, आतला काप एकसारखा हिरवट स्वच्छ दिसेपर्यंत, मग गंधकाची पूड लावून सुकव आणि नवीन मुरुमात लाव. बूड गेलं तरी शेंडा वाचतो, हिचं हे फार चांगलं आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. आययूसीएन या निसर्ग वाचवणाऱ्या जागतिक संस्थेनं एकेकाळी जगातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या १२ वनस्पतींमध्ये हिचं नाव घेतलं होतं. फांदीपासून ती इतकी सहज येते, प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरनंही करतात, परदेशातले सक्युलंटवाले, म्हणजे अशी पाणी साठवणारी झाडं जमवणारे, कित्येक वर्षं कुंडीत वाढवतायत, मग धोका कसला असं तू म्हणशील. धोका कड्याला आहे. दरडी कोसळतात, डोंगराला वणवे लावतात, शेळ्या पोचतील तिथपर्यंत खातात, आणि दुर्मिळ आहे कळलं की माणसं उपटून नेतात. हजार बाल्कन्यांत हजार कुंड्या झाल्या तरी ती भेग, ती माशी, ते उडणारं बी यातलं काही आपण बाल्कनीत करू शकत नाही. पण नर्सरीत, मित्राकडे सहज मिळायला लागली तर कुणाला गडावरून ओरबाडायचं कारण उरणार नाही, एवढा उपयोग कुंडीचा नक्की आहे. माझं झाड एका वनस्पतीशास्त्राच्या सरांनी दिलेल्या फांदीचं, तेही कॉलेजच्या बागेत वाढवलेलं. तुझं वाढलं की तूही दे, पैसे न घेता दे, आणि देताना मूळ कुठलं ते सांग. फक्त ट्रेकला जाताना कुठल्या गडावर नेऊन लावू नकोस, भावना चांगली असली तरी. एका डोंगरावरचं झाड दुसऱ्यावर गेलं की तिथल्या मूळ झाडांत मिसळतं, आणि रोग, मिलीबग पण सोबत जातो. ते काम अभ्यास असलेल्या लोकांचं.

पाकीट मिळालं की फांद्यांचा फोटो टाक, बुडाकडचा जवळून. आणि तो पत्रा गळत असेल तर पावसाच्या आधी दुरुस्त करून घे, दोन आठवडे आहेत अजून. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पक्या