आधी वसतिगृहाचे कुलूप काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

कोरोनामुळे बंद असलेली महाविद्यालये १ फेब्रुवारीपासून पुन्हा सुरू होणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची मी रेक्टर आहे. सतरा वर्षे झाली. बातमी आली त्या सकाळपासून माझा फोन थांबलेला नाही आणि फोन करणाऱ्या एकाही मुलीने वर्ग कधी भरणार असे विचारलेले नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, "मॅडम, हॉस्टेल कधी उघडतंय?" याचे उत्तर मला ठाऊक नाही. प्राचार्यांनाही नाही. स्थानिक परिस्थिती पाहून विद्यापीठाने ठरवायचे, विद्यापीठाने जिल्हा प्रशासनाशी बोलायचे, आणि या सगळ्यांचे बोलणे होईपर्यंत मी फोनवर "कळवते गं" म्हणत राहायचे.

आमच्याकडे २४ खोल्या आहेत. खोलीत तिघी, म्हणजे ७२ मुली. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलींचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसऱ्याच्या आगेमागे टोळ्या निघतात, त्या हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत गावाकडे फिरकत नाहीत. घराला कुलूप, आणि फार तर ओसरीवर एखादी आजी. वर्षातले सहा महिने या मुलींचे घर म्हणजे आमचे हॉस्टेल. शहरातल्या मुलांना हॉस्टेल ही सोय असेल, यांना ते छप्पर आहे.

आता तारखा बघा. यंदाचा गाळप हंगाम १५ ऑक्टोबर २०२१ ला सुरू करायचा, हे सप्टेंबरातच ठरले. टोळ्या नेणाऱ्या मुकादमांना कळले, मजुरीची आगाऊ उचल वाटली गेली, ट्रॅक्टर ठरले. कॉलेजे २० ऑक्टोबरला उघडणार हे जाहीर झाले १३ ऑक्टोबरला. कारखान्याला महिन्याची आगाऊ सूचना आणि कॉलेजला आठवड्याची. त्यातही वर्ग २० तारखेला आणि वसतिगृहे 'टप्प्याटप्प्याने'. टप्पा म्हणजे नेमका किती दिवसांचा, हे मी तीन ठिकाणी विचारले. प्रत्येक ठिकाणी मला वरच्या ठिकाणी विचारायला सांगितले. तोवर टोळ्या निघाल्या होत्या. पोरीला रिकाम्या घरात एकटी कोण ठेवील? आईबापांनी ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर तिलाही बसवले. तिकडे मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटे माणूस अर्धा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी फडावर गेली की मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता होते.

कॉलेज बंद होण्याची ही गोष्ट मला सुरुवातीपासून सांगायला हवी, कारण इमारतीचे काय होते हे कुणी लिहीत नाही. मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात मुली एकेक पिशवी घेऊन गेल्या. "आठ दिवसांत येतो मॅडम." खोल्यांना कुलपे लावून चाव्या सोबत नेल्या. जुलैमध्ये इमारत विलगीकरणासाठी ताब्यात घेतल्याचे पत्र आले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. मी ७२ फोन केले. निम्मे लागले. "कुलूप तोडा मॅडम, पण पेटी उघडू नका," बहुतेकींनी एवढेच सांगितले. तलाठी, एक शिपाई आणि मी, आम्ही कुलपे तोडत गेलो आणि मी वहीत लिहीत गेले: पेटी एक, गादी एक, बादली एक, इस्त्री एक.

सात नंबरच्या खोलीत बादलीत ड्रेस भिजत घातलेला होता. मार्चमध्ये. पाणी कधीच उडून गेले होते आणि पंजाबी ड्रेस साबणाच्या पांढऱ्या थरासकट बादलीच्या आकाराचा होऊन बसला होता. शिपायाने बादली उपडी करून ठोकली, तरी तो निघेना. अकरा नंबरमध्ये खिडकीच्या गजाला मटकीची पुरचुंडी मोड यायला बांधलेली, वाळून खडखडीत. तलाठी भाऊसाहेब तसे कडक माणूस, पण ती पुरचुंडी त्यांनी गजावरून काढली नाही. "राहू द्या हो," म्हणाले, आणि खाली उतरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

सगळ्या पेट्या कॉलेजच्या वाचनालयात रचल्या. त्या आजही तिथेच आहेत. दीड वर्षात उंदरांनी पाच पेट्यांचे कोपरे कुरतडले आणि एका मुलीचे दहावीचे गुणपत्रक खाल्ले. पत्र्याच्या पेटीत उंदीर जातो कसा, असे मला विचारू नका; गंजलेल्या तळातून जातो.

त्यानंतर इमारत एकदा परत मिळाली. १५ फेब्रुवारी २०२१ ला ५० टक्के उपस्थितीने वर्ग सुरू झाले तेव्हा २० मुली राहायला आल्या. मार्चअखेर जिल्ह्यात पुन्हा लॉकडाऊन लागला, मुली गेल्या आणि एप्रिलमध्ये इमारत दुसऱ्यांदा गेली, या वेळी रुग्णांसाठी. त्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. त्या एप्रिलमध्ये आमच्या गावात खाट मिळत नव्हती आणि आमच्या कॉटांवर माणसे बरी होऊन घरी गेली. तक्रार एवढीच की परत करताना मोडलेले नळ, तुंबलेली दोन संडासे आणि नऊ तुटक्या कॉट कुणाच्या खात्यावर टाकायच्या, याचे उत्तर अजून आलेले नाही. माझ्या अर्जावर पोच मात्र शिक्क्यासकट मिळाली.

नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ नोव्हेंबर २०२० ला दिलेल्या सूचना मी छापून घेऊन कार्यालयात लावल्या आहेत. वसतिगृहात खोली वाटून घ्यायची नाही, एका खोलीत एकीनेच राहायचे. बाहेरगावाहून आलेल्यांनी वर्गात बसण्याआधी १४ दिवस वेगळे राहायचे. जेवण लहान गटांत. लक्षणे असलेल्याला वसतिगृहात ठेवायचे नाही. एकेक वाक्य योग्यच आहे. पण माझ्या २४ खोल्यांत या हिशेबाने २४ मुली बसतात. दोन खोल्या आजारी पडणारीसाठी राखल्या तर २२. उरलेल्या ५० कुठे जातील, हा प्रश्न त्या कागदाला पडलेला नाही. आणि खोलीत एकटी ठेवलेली मुलगी सकाळी उठून त्याच सहा न्हाण्यांसमोर रांगेत उभी राहते, तिथे अंतर कसे राखायचे हे ज्याने त्याने ठरवावे. चौदा दिवसांचे तर साधे गणित आहे. वर्ग मंगळवारी, १ तारखेला, सुरू होणार असतील तर हॉस्टेल १८ जानेवारीला उघडायला हवे होते. त्या दिवशी तर कॉलेजेच बंद होती, आणि १५ फेब्रुवारीपर्यंत बंदच राहतील असे आम्ही धरून चाललो होतो.

लसीचा घोळ वेगळाच. दोन्ही डोस झालेल्यांनीच प्रत्यक्ष वर्गात यायचे, हा नियम ऐकायला सोपा आहे. माझ्याकडची एक मुलगी नोव्हेंबरमध्ये १८ वर्षांची झाली. २० नोव्हेंबरला तिने कोव्हिशील्ड घेतली. दोन डोसांत ८४ दिवस हवेत, म्हणजे दुसरा डोस १२ फेब्रुवारीला. तिची मैत्रीण अजून १७ची. पंधरा ते अठराच्या मुलांना ३ जानेवारीपासून कोव्हॅक्सिन सुरू झाली, तिने ५ तारखेला घेतली; २८ दिवसांनी, २ फेब्रुवारीला तिचा दुसरा डोस. धाकटी वर्गात आणि थोरली दहा दिवस बाहेर! दोघी एकाच गावच्या, एकाच जीपने येणार. नियम करणाऱ्याच्या मनात असे नसणार हे मी जाणते, पण दारात उभी राहून दोघींना हे सांगायचे काम माझे आहे. प्रमाणपत्रे बघावीत तर तीही कुणाच्या काकांच्या मोबाइलवर, कुणाच्या मुकादमाच्या.

तापमान बघायची बंदूक मात्र मिळाली आहे. थंडीच्या सकाळी ती कपाळावर धरली की ३२ दाखवते. त्या हिशेबाने आम्ही सगळ्या केव्हाच गेलो.

"जवळच्या मुलींनी रोज ये-जा करावी," असेही सुचवले गेले. कशाने? नोव्हेंबरपासून एसटी बंद आहे. संप चूक की बरोबर यावर इथे बोलत नाही. आमच्या गल्लीतलेच दोन कंडक्टर घरी बसून आहेत, त्यांच्या चुली मी बघते. पण विद्यार्थी पासवर तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात येणारी मुलगी काळीपिवळीला रोजचे ८० रुपये कुठून देणार? आणि ती जीप भरल्याशिवाय हलत नाही. भरली म्हणजे टपावरही दोन. वर्गात एका बाकावर एक आणि जीपमध्ये मांडीवर मांडी.

मेसचेही एक सांगते. आमच्या मेस चालवणाऱ्या मावशी २०२० पासून दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जातात. परवा त्यांना बोलावले तर चूल बघून आल्या, सगळी भांडी मोजली, आणि म्हणाल्या, "बावीस पोरींवर मेस परवडत नाही, बाई. तेलाचा डबा दोन हजाराच्या वर गेलाय." चाळीस तरी द्या म्हणतात. चाळीस मी आणू कुठून, आणि आणल्या तर कागदातली एकीला एक खोली राहते कुठे? भाजीत पाणी वाढवणे हा एकच मार्ग दोघींना दिसला, आणि तो दोघींनाही पटला नाही.

आता ज्या फोनमुळे हे पत्र लिहायला बसले तो. बुधवारी रात्री साडेनऊला आला. ही मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, गणितात हुशार, २०१९ ला आली तेव्हा पहिले आठ दिवस रोज रडायची. सध्या आईवडिलांबरोबर सांगलीकडच्या एका फडावर आहे. तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रेंज येत नाही, बांधावर उभे राहिले की येते. मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करते. दिवसभर मोळ्या बांधून रात्री बांधावर बसून ऑनलाइन तासांची रेकॉर्डिंग ऐकते. ती म्हणाली, "मॅडम, आज्जी वारली दिवाळीत. घराला कुलूपंय. वर्ग सुरू झालेत तर मी येते, पण राहू कुठं?" मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी नेहमीसारखे "कळवते गं" म्हणाले. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या "बरं"मुळे मला झोप लागली नाही, कारण मागच्या वर्षी आणखी दोघींनी असेच "बरं" म्हटले होते आणि नंतर त्यांचे फोन नवऱ्यांनी उचलले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. वर्गांची तारीख ज्या कागदावर येते त्याच कागदावर वसतिगृहाची तारीख यावी, आणि ती वर्गांच्या किमान पंधरा दिवस आधीची असावी. खोलीत एक की दोन, हे स्पष्ट लिहावे, आणि एक म्हणत असाल तर उरलेल्या मुलींसाठी गावात जागा भाड्याने घ्यायचे पैसे कोण देणार तेही लिहावे. गेल्या जूनमध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली, ती होतील तेव्हा आनंदच आहे. पण जी उभी आहेत त्यांची दारे उघडायला नव्या योजनेची गरज नाही.

आणि पुढच्या वेळी, म्हणजे पुन्हा लाट आली आणि पुन्हा बंद करायची वेळ आली, तर सरसकट रिकामे करायला सांगू नका. परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना बंदच्या काळातही वसतिगृहात राहू दिले गेले, कारण ते जाणार कुठे. रास्तच होते. आमच्या मुलीचे घर बारा किलोमीटरवर असते, म्हणून तिला घर आहे असे धरले जाते. त्या घरात माणूस आहे का, एवढे एकदा विचारा. मला विचारा, मी वहीत बघून सांगते. ७२ नावांपुढे घरी कोण असते हे सतरा वर्षांच्या सवयीने मी लिहून ठेवलेले असते.

त्या मुलीला काल मीच फोन केला. तिचे मामा तिला सोमवारी रात्रीपर्यंत आणून सोडतील. आदेश येईपर्यंत ती माझ्या घरी, माझ्या सुनेच्या खोलीत झोपेल. हे नियमात बसते का मला माहीत नाही, म्हणून नाव छापू नये ही विनंती. तिची पेटी मी वाचनालयातून काढून घेतली आहे. उंदरांनी तिला हात लावलेला नाही. सात नंबरची बादली तिचीच होती. तो ड्रेस मी दोन दिवस पाण्यात ठेवून सोडवला, धुऊन वाळत घातला आहे. रंग थोडा गेला आहे.

आपली,
एक रेक्टर
जि. बीड
२९ जानेवारी २०२२