हंगामाआधी डिझेल फिल्टर बदला

संपादक महोदय,
१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत नौका उभ्या असतात. अर्धवट भरलेल्या डिझेल टाकीत दमट हवेचं पाणी होऊन तळाशी साचतं, त्यात जंतू वाढून काळा चिकट गाळ धरतो. बंदरात इंजिन छान चालतं. बाहेर लाटांनी टाकी ढवळली की गाळ फिल्टरमध्ये अडकतो आणि इंजिन नेमकं खवळलेल्या पाण्यात बंद पडतं. खलाशांच्या जिवाशी हा खेळ आहे. टाकी भरून ठेवा, निघण्याआधी वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) वाटीतलं पाणी काढा, जादा फिल्टर सोबत घ्या. फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या नळीतली हवा काढायला तांडेलालाही (नौका चालवणाऱ्या प्रमुखालाही) शिकवा. मच्छीमार सोसायट्यांनी डिझेलपंपावरच फिल्टर विक्रीला ठेवावेत.
— एक इंजिन मेकॅनिक, मिरकरवाडा, रत्नागिरी